सव्वा फेरा आत : उद्यमनगरच्या एका काकांना आभाराचं पत्र

काका, सप्रेम नमस्कार. आमच्या नेमबाजी क्लबचं जुनं एअर पिस्तूल तुम्ही दुरुस्त करून दिलंत.

"आभार कसले मानताय, चहा पाजा," असं म्हणून तुम्ही विषय मिटवलात. चहा झाला. तरीही हे पत्र, आणि तेही चारचौघांत, कारण जुनं पिस्तूल कसं उघडावं हे चारचौघांना कळायला हवं. शिवाय त्याआधी ते कसं उघडलं गेलं होतं, हेही कुणीतरी सांगायलाच हवं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. पिस्तूल आहे फाइनवेर्कबाउ ६५, स्प्रिंगच्या दाबावर चालणारं. जर्मनीतल्या नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फचं, म्हणजे माउझर या बंदुकांच्या कंपनीच्याच गावचं. ४.५ मिमीचा छर्रा, डाव्या अंगाला लांब दांडा. दांडा मागे ओढला की स्प्रिंग दबते आणि छर्रा ठेवायची जागा उघडते. खरी करामत पुढे आहे. चाप ओढला की नळीसकट वरचा सगळा भाग दोन रुळांवरून मागे सरकतो आणि स्प्रिंगचा झटका तिथेच जिरतो, मुठीपर्यंत येत नाही. १० मीटर एअर पिस्तूल ऑलिंपिकमध्ये आलं १९८८ला, सोलमध्ये. त्याच्या कितीतरी आधीपासून रेंजवर या पिस्तुलाचा दबदबा होता. आता हवेच्या नळकांड्यांची पिस्तुलं आली आणि ही शोकेसमध्ये गेली.

आमच्या क्लबकडचं हे पिस्तूल सरांचं. सर राज्याचे चॅम्पियन होते, आणि ते गेल्यावर घरच्यांनी पिस्तूल क्लबला दिलं. अक्रोडाच्या मुठीवर अंगठ्याखाली आणि तळव्याच्या कडेला सरांनी लाकडाची लुकण थापून, कानस मारून, पुन्हा थापून स्वतःच्या हाताचा साचा बनवला होता. दिसायला ओबडधोबड, रंगही दोन जातींचा. पण मूठ हातात बसली की नेम धरायची मागची खाच आणि पुढची माशी आपोआप एका रेषेत येतात, मनगट वळवावं लागत नाही. असा साचा एका दिवसात होत नाही.

सर असतानाच पिस्तूल मंदावलं होतं. छर्रा कागद फाडायचा, पण नेमाच्या खाली लागायचा. नळीतून तपकिरी चुरा यायचा. हे ओळखीचं दुखणं आहे. त्या काळच्या पिस्टन सीलचं, म्हणजे पिस्टनच्या कडेनं हवा निसटू न देणाऱ्या चकतीचं, प्लास्टिक पिस्तूल न वापरताही नुसत्या वयानं कुजतं आणि जुन्या चीझसारखं भुगा होतं. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात तर लवकरच. उपाय एकच, सील बदलणं.

पण सरांमागे आम्ही ते ज्यांच्याकडे नेलं, त्यातल्या पहिल्यानं छर्रा ठेवायच्या जागेतून गंज सोडवायचा फवारा मारला. पातळ तेल पिस्टनच्या पुढे गेलं की दाबाच्या उष्णतेनं पेटतं. धूर, फटाक्यासारखा आवाज, आणि उरलंसुरलं सीलही जातं. दुसऱ्यानं आठ महिने ठेवून घेतलं, रुळांवर बेअरिंगचं घट्ट ग्रीस चोपडलं आणि दोन स्क्रू बहुतेक मोटरसायकलचे लावून परत दिलं. त्या ग्रीसमुळे वरचा भाग सरकेचना, म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी हे पिस्तूल नावाजलेलं तीच बंद. तिसऱ्याला दुरुस्ती करायचीच नव्हती, विकत घ्यायचं होतं. अट एकच : ती लुकण तासून मूठ 'ओरिजिनल' करून द्या, भाव वाढेल. भाव वाढला असता, हे खरं आहे.

मग ते तुमच्याकडे आणलं. तुम्ही आयुष्यभर टूलरूममध्ये डाय आणि पंच बसवलेत. एअर पिस्तूल तुम्ही पहिल्यांदाच बघत होतात आणि तसं सरळ सांगितलंत. मग पान्हा हातात घ्यायच्या आधी वही घेतलीत.

कामाचं सगळं इथे लिहीत नाही. पण तीन-चार गोष्टी अशा आहेत की ज्याच्याकडे हे पिस्तूल आहे त्यानं भिंतीवर लिहून ठेवाव्यात. दाबलेली स्प्रिंग हातानं नाही, क्लॅम्पमध्ये धरून सोडायची. हवा जायच्या बारीक भोकातला भुगा दाभणानं नाही, लाकडी टूथपिकनं आणि कापसानं काढायचा, म्हणजे आत ओरखडा पडत नाही. जर्मनीहून आलेलं सील तुम्ही तसंच ठोकून बसवलं नाहीत. पिस्टन कोरड्या सिलिंडरमध्ये घालून पाहिलात. स्वतःच्या वजनानं घसरला तर सैल, अंगठ्यानं ढकलूनही अडला तर घट्ट. तो अडत होता, म्हणून बारीक एमरीवर कड इतकी हलकी उतरवलीत की डोळ्याला फरक दिसेना. मॉलीचं (मॉलिब्डेनमचं) ग्रीस फक्त पिस्टनच्या अंगाला, बोटानं पुसून राहील तेवढं. पिस्टनच्या तोंडाला काहीही नाही. रुळांवरचं आधीचं सगळं धुऊन काढलंत आणि प्रत्येकी एक थेंब हलकं तेल सोडलंत. शेवटी सांध्यावर टिश्यूची पट्टी धरून बार काढलात. पट्टी फडफडली नाही, म्हणजे हवा गळत नाही.

क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावर, दहा छर्रे १३५ ते १३८ मीटर प्रतिसेकंदात आले. शिकंज्यात धरून १० मीटरवर त्या दहांचं एकच दातेरी भोक. निशाणावरचं १० गुणांचं वर्तुळ ११.५ मिमीचं असतं, भोक त्याच्या आत होतं.

पण पत्र लिहायला बसवलं ते या आकड्यांनी नाही. डब्यात पिस्तुलाशेजारी कॅमेऱ्याच्या रिळाची एक जुनी काळी डबी होती. आत जुन्या सीलचा भुगा कागदाच्या पुडीत, ते दोन परके स्क्रू, आणि पेन्सिलनं लिहिलेलं चिटोरं :

"चापाचा पुढचा स्क्रू सव्वा फेरा आत. मागचा पाऊण. मागची खाच डावीकडच्या टोकापासून ७ क्लिक. चाप ५२० ग्रॅमला उचलतो. मालकानं मुद्दाम ठेवलं असणार. तसंच ठेवलं."

स्पर्धेच्या नियमाला चापावर किमान ५०० ग्रॅम लागतात. नळी उभी धरून चापाला वजन टांगतात, ते उचललं गेलं पाहिजे. सरांनी वर वीस ग्रॅम ठेवले होते, कारण चाप घासून घासून हलका होतो आणि ऐन स्पर्धेत तपासणीच्या टेबलावर नापास होणं परवडत नाही. हे आम्हाला कुणालाच आठवत नव्हतं आणि विचारायला सर नाहीत. उघडण्याआधी तुम्ही फेरे मोजले नसतेत, तर सरांचा चाप कायमचा गेला असता आणि गेला हेही कुणाला कळलं नसतं. मुठीला तर तुम्ही हातच लावला नाहीत. "ते लाकूड नाही, तो माणूस आहे," म्हणालात आणि विडीचं थोटूक विझवलंत.

नेमबाजांत एक गोष्ट सांगतात. हंगेरीच्या कारोली ताकाचचा उजवा हात १९३८ साली हातबाँबमध्ये गेला. डाव्या हातानं नेम शिकून तो १९४८ला लंडन ऑलिंपिकमध्ये उतरला. अर्जेंटिनाच्या साएन्स व्हालिएन्ते या विश्वविजेत्यानं त्याला विचारलं, इथे कशाला आलात? शिकायला, तो म्हणाला. ताकाचनं ५८० गुण करून सुवर्ण नेलं, व्हालिएन्ते ५७१ वर राहिला. हरलेला माणूस येऊन म्हणाला, तुम्ही पुरेसं शिकलात. सगळे ताकाचची जिद्द सांगतात. मला दुसऱ्याचं कसब मोकळेपणानं मान्य करणाऱ्या त्या दुसऱ्या माणसाचं कौतुक जास्त वाटतं, आणि परवा तुमची डबी उघडताना तोच आठवला.

आता थोडं व्यवहाराचं. परके स्क्रू काढून तुम्ही लेथवर केलेले नवे बसवलेत, त्याचे पैसे घेतले नाहीत. ते पुढच्या वेळी घ्यावेच लागतील. छर्ऱ्याशिवाय बार काढायचा नाही, दांडा ओढून ठेवून द्यायचं नाही आणि पावसाळ्यात फोमच्या पेटीत ठेवायचं नाही, हे तीनही नियम पोरांकडून पाठ करून घेतलेत. चिटोऱ्याची झेरॉक्स कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. मूळ चिटोरं डबीतच आहे, भुग्याच्या पुडीसकट.

शनिवारी दुपारी चारनंतर रेंज उघडी असते. एकदा या, दहा छर्रे मारून बघा. मूठ तुमच्या हाताला बसणार नाही, ते तुम्हाला माहीत आहेच.

आपले,
क्लबचे सर्व प्रशिक्षक