सूचना : मचव्याची डागडुजी, नारळी पौर्णिमेआधीचा रविवार

सर्व सभासदांना नमस्कार.

आपला मचवा, म्हणजे शिडाची लाकडी होडी, पावसाळाभर विजयदुर्गच्या खाडीकाठी शाकारून ठेवला आहे. पौर्णिमेच्या उधाणावरच तो पाण्यात लोटता येतो. ती भरती चुकली तर पुढच्या उधाणापर्यंत थांबावं लागेल, म्हणून काम त्याआधी पुरं व्हायलाच हवं.

वेळ : सकाळी 7, बंदरावर. दुपारचं जेवण तिथेच.

काम सुतारकाकांच्या देखरेखीखाली होईल. फळ्यांच्या सांध्यांतला जुना कापूस काढून नवा ठासायचा, वर राळ आणि तेल. सांध्यांत एम-सील किंवा फायबर कुणीही भरू नये. लाकूड पाण्यात फुगतं आणि कापसावर सांधा घट्ट बसतो. कडक लेप मात्र तडकतो. गेल्या वर्षी हीच चूक झाली आणि दोन फळ्या कुजल्या.

- जुने कपडे, हातमोजे आणावेत.
- शीड उसवलं आहे. शिवणकाम येणाऱ्यांनी आधी कळवावं.
- मुलांना जरूर आणा, पण राळ तापते तिथून लांब ठेवा.

अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून, नौदलाची ‘कौंडिण्य’ ही शिडाची नौका गोव्यात बांधली गेली. 2025च्या डिसेंबरात ती पोरबंदरहून शिडावर मस्कतला निघाली. लाकडी नावांचं असं जुन्या पद्धतीचं काम जाणणारे हात आता थोडेच उरलेत. काकांचं वयही झालं आहे. तरुण सभासदांनी नुसते फोटो न काढता त्यांच्या शेजारी बसून हातोडी धरावी, ही कळकळीची विनंती.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव द्यावं.

– सचिव