लिफ्टजवळची सूचना आणि गेटवरचं रजिस्टर

प्रति,
मा. अध्यक्ष,
सोसायटी व्यवस्थापन समिती, फोंडा, गोवा

विषय : लिफ्टजवळची सूचना काढणे, गेटवरच्या रजिस्टरमध्ये कामगारांची नावे लिहिणे

आदरणीय अध्यक्ष महोदय,

गेल्या सोमवारी तळमजल्यावर लिफ्टच्या दाराशेजारी एक लॅमिनेट केलेली सूचना लागली : 'कामवाल्या बायका, डिलिव्हरीवाले व घाटी कामगार यांनी लिफ्ट वापरू नये.' ती काढावी, ही माझी मागणी आहे. तोंडी दोनदा सांगून झालं, म्हणून आता लेखी देते.

सूचनेमागचं कारण मला ठाऊक आहे. पाऊस लागायच्या आधी टेरेसचं वॉटरप्रूफिंग उरकायची घाई होती, सिमेंटची पोती लिफ्टमधून वर गेली आणि आतली फरशी खरवडली. दुरुस्तीचा खर्च आपल्या सगळ्यांच्या मेंटेनन्समधूनच जाणार, तेव्हा तक्रार रास्त आहे. मग नियम पोत्यांना करा. वाळू-सिमेंट लिफ्टने न्यायचं नाही, फर्निचर न्यायचं तर आतून प्लायवूड लावून न्यायचं. चौथ्या मजल्यावरच्या आजींना अंघोळ घालायला रोज येणारी बाई रिकाम्या हातानं येते. परवा ती मला जिन्यात भेटली. दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून, एक पाय वरच्या पायरीवर ठेवून थांबली होती. गुडघे दुखतात तिचे. आजींच्या अंगाला तिचा हात चालतो, लिफ्टच्या बटणाला का चालू नये?

आता 'घाटी' या शब्दाविषयी. माझे वडील चंदगड तालुक्यातले. घाट उतरून ते डिचोलीकडे खाणीवर ट्रक चालवायला आले. आई सार्वजनिक नळावर जायची, तेव्हा तिची घागर रांगेतून बाजूला सारली जायची : 'घाटीण मागीर', म्हणजे घाटीण नंतर. घरी येऊन ती काही बोलत नसे, पण घागर ठेवताना जोरात आपटायची, तो आवाज मला अजून आठवतो. मी इथंच जन्मले, इथंच शिकले, कोकणी बोलते. म्हणून हा शब्द माझ्यादेखत बेधडक वापरला जातो, मी त्यातली आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

आणि आपण गोंयकारांनी तरी हे करू नये. पोटासाठी मुंबई गाठून धोबी तलावच्या कूडांमध्ये, म्हणजे गोंयकारांच्या सामायिक वसतिगृहांत, पथारी टाकून बोटीच्या नोकरीची वाट बघणारी माणसं याच भूमीतली होती. आज आपल्या सोसायटीतल्या कितीतरी घरांतली मुलं आखातात आणि लंडनला आहेत. तिथं त्यांना कोण काय म्हणतं, याची आपल्याला किती काळजी असते!

गेल्या महिन्यात सायकल चोरीला गेली, तेव्हा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सभासदानं या कामगारांविषयी लिहिलं, 'ही झुरळं आहेत, एक आलं की दहा येतात.' त्यावर अकरा जणांनी अंगठा दिला. कुणी चोर सापडला नव्हता. झुरळ हा शब्द मला सहन होत नाही, त्याला कारण आहे. रवांडात १९९४ साली एका खासगी रेडिओवरून तिथल्या अल्पसंख्य तुत्सी समाजाच्या लोकांना दिवसेंदिवस झुरळं म्हटलं जात होतं. सुमारे शंभर दिवसांत लाखो माणसं मारली गेली, कित्येक ठिकाणी शेजाऱ्यांच्याच हातून. आपल्या इमारतीची मी त्याच्याशी तुलना करत नाही. पण एकदा माणसाला किडा म्हटलं की त्याला चिरडताना हात कचरत नाही, एवढं त्यातून मला कळलं. समितीनं तो मेसेज त्याच दिवशी काढायला सांगायला हवा होता.

आता रजिस्टर. मी गेल्या शनिवारी गेटवर बसून ते चाळलं. पाहुण्यांची नावं आहेत, गाड्यांचे नंबर आहेत. कामगारांच्या ओळीत मात्र '३०४ ची बाई', 'रंगारी १', 'रंगारी २', 'घाटी ४ जण'. सुरक्षेसाठी ठेवलेल्या वहीत माणसाचं नावच नसेल तर ती सुरक्षा तरी कसली? टेरेसवर काम करणारी एक बाई तेव्हा बाहेर पडत होती. मी पेन पुढे केलं. तिनं आधी ओढणीला हात पुसले, मग कानडीत स्वतःचं नाव लिहिलं, रकाना अपुरा पडला म्हणून शेवटचं अक्षर खाली उतरवलं. ते वाचून दाखवलं आणि मला उच्चार नीट जमेपर्यंत दोनदा म्हणायला लावलं.

तिच्याकडूनच कळलं की ती दिवसभर पाणी पीत नाही. वॉचमनच्या शौचालयाला कुलूप असतं, किल्ली कामगारांना मिळत नाही. मे महिन्यातल्या उन्हात, तापलेल्या टेरेसवर! कामगारांसाठीच्या कायद्यात पिण्याचं पाणी आणि शौचालय यांची सोय सांगितली आहे. आपलं काम लहान, तो कायदा आपल्याला लागू होतो की नाही, या वादात मला शिरायचं नाही. किल्ली आपल्याकडे आहे, तेवढं पुरे.

आपण प्रजासत्ताक दिनाला खाली अंगणात उभे राहून उद्देशिका वाचतो. तिच्यात 'व्यक्तीची प्रतिष्ठा' असे शब्द आहेत. व्यक्तीची, फ्लॅटधारकाची नव्हे. लिफ्टजवळची सूचना त्या अंगणापासून वीस पावलांवर आहे.

तेव्हा सूचना काढून सामानाबद्दलची नवी सूचना लावावी, शौचालय उघडं ठेवून शेजारी पाण्याचा माठ ठेवावा आणि रजिस्टरमध्ये प्रत्येकाचं नाव, ज्याला ज्या लिपीत येतं त्या लिपीत लिहून घ्यावं. माठ मी देते. रविवारच्या बैठकीत हा विषय घ्यावा, मी रजिस्टर घेऊन येईन.

आपली विश्वासू,
सभासद, दुसरा मजला