तांबी, गोळी की इंजेक्शन, हे तिला विचारा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे 66 टक्के कुटुंबनियोजनाचे काही ना काही साधन वापरतात. सुमारे 49 टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. पुरुष नसबंदी अर्धा टक्काही नाही. दोन मुले झाली, घरात ठरले, ऑपरेशन झाले, असाच बहुतेकींचा निर्णय. दिव्यांग बाईचे मात्र गाडे त्याआधीच अडते. तिलाही पाळणा लांबवायचा असेल, हेच उपकेंद्रात कुणाच्या ध्यानात येत नाही. प्रश्न विचारला गेलाच, तर तो सोबत आलेल्या सासूला.

साधने सरकारी पुरवठ्यात आहेत, पण कुणाला कुठले चालेल हे पाहिले जात नाही. फिट्सवर फेनिटोइन किंवा कार्बामाझेपिन घेणाऱ्या बाईला माला-एन ही रोजची गर्भनिरोधक गोळी दिली, तर त्या औषधांमुळे गोळीचा परिणाम घटतो आणि दिवस राहू शकतात. लॅमोट्रिजिन हे फिट्सचेच दुसरे औषध चालू असेल तर उलटे होते : गोळीमुळे त्याची रक्तातली पातळी उतरते आणि फिट्स परत येऊ शकतात. अशा बायकांना तांबी किंवा दर तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन बरे. पण अंतराने हाडांची घनता कमी होते, त्यामुळे वर्षानुवर्षे व्हीलचेअरवर असलेल्या बाईला ते देताना विचार हवा. तिचे पाय हलत नसतील, तर रक्ताची गुठळी होण्याच्या धोक्यामुळे माला-एनही जपूनच. तांबी बसवायची तर मणक्याला वरच्या भागात इजा झालेल्या बाईचा रक्तदाब अचानक चढू शकतो. तो मोजत राहावा लागतो. ओटीपोटात संवेदना नसेल तर जंतुसंसर्गाचे दुखणे तिला कळणार नाही, म्हणून फेरतपासणीची तारीख तिच्यावर सोडू नये. मांड्या आखडलेल्या असतील तर कुशीवर झोपवून तपासता येते. हे प्रशिक्षणात शिकवायला हवे.

छाया ही गर्भनिरोधक गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा घ्यायची. दृष्टिहीन बाईला छापील कार्डाचा काय उपयोग? ठरलेल्या वारी आशाताईंचा फोन किंवा ध्वनिसंदेश पुरेल. माला-एनच्या 28 गोळ्यांत शेवटच्या 7 लोहाच्या; तिथे पाकिटाला बोटाला लागेल अशी खूण हवी. कर्णबधिर बाईशी बोलायला व्हिडिओ कॉलवर सांकेतिक भाषेचा दुभाषी द्या. नात्यातल्या माणसाला दुभाषी करू नका, त्याच्यासमोर ती मोकळेपणाने काही सांगणार नाही.

तपासणीचे टेबल व्हीलचेअरच्या बैठकीइतके, म्हणजे जमिनीपासून साधारण 45 ते 50 सेंटिमीटरपर्यंत खाली येणारे हवे. निदान प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एक.

आणि पिशवी काढण्याबद्दल. 1994 साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशये काढली गेली, पाळीची स्वच्छता हे कारण देऊन. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 10 आता स्पष्ट सांगते, की मूल होण्याची क्षमता जाईल असा कोणताही उपचार त्या व्यक्तीच्या मुक्त आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय करता येणार नाही. तरीही घरच्यांची मागणी पाळी सांभाळण्याची असते आणि उत्तर म्हणून शस्त्रक्रिया सुचवली जाते. पाळीसाठी पॅड, वेळापत्रक, मदतनीस आणि गरज पडल्यास औषध आहे. गर्भाशय काढल्याने लैंगिक अत्याचार थांबत नाही, तो फक्त लपतो.

आमची मागणी : दिव्यांग स्त्रीची नसबंदी किंवा गर्भाशय काढण्याच्या प्रत्येक प्रस्तावाआधी तिच्याशी एकांतात, तिला समजेल अशा भाषेत किंवा चित्रांतून बोलणे झाले का, कोण बोलले, तिने काय सांगितले, हे संमतीपत्रासोबत लिहिलेले असावे. त्या कागदावर पालकाची सही पुरेशी धरू नये.

आपले,
स्त्री-आरोग्य आणि दिव्यांग हक्कांसाठी काम करणारे कार्यकर्ते