मॅडम, पेन्सिलीबद्दल आभार

आदरणीय मॅडम,
सप्रेम सलाम.

तुमच्याआधी आमच्या कॉलेजचा शैक्षणिक आराखडा एका सल्लागाराने करून दिला होता. जाडजूड, स्पायरल बाइंडिंगचा. त्यात अभ्यासक्रम बदलण्याच्या शिफारशी होत्या. बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाशी संलग्न असलेल्या कॉलेजला अभ्यासक्रमाला हात लावता येत नाही, एवढंही त्याला ठाऊक नव्हतं. एका पानावर तर 'मेकॅनिकल वर्कशॉपचे आधुनिकीकरण'! आमच्याकडे बी.ए. आणि बी.कॉम. दुसऱ्या कुणाची तरी फाइल, वरचं नाव तेवढं बदललेलं. बिल मात्र वेळेवर आलं.

तुम्ही फायली मागितल्याच नाहीत. अंतर्गत चाचणीच्या प्रश्नपत्रिका मागितल्या आणि प्रत्येक पेपरच्या तीन उत्तरपत्रिका: एक चांगली, एक मधली, एक नापासाची. मग एकेका प्रश्नापुढे तो कुठल्या 'सीओ'साठी (कोर्स आउटकम, म्हणजे तो विषय शिकून मुलांना काय यायला हवं) आहे ते लिहीत गेलात. पेन्सिलीने. कागद परत देताना त्यावर खोडरबर ठेवलात आणि म्हणालात, "विषय तुमचा आहे. पटलं नाही तर खोडा."

नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, तयारीच्या नावाखाली आजवर आमच्या कागदांवर जे काही उमटलं ते लाल शाईने. त्यामुळे त्या खोडरबरचं मोल आम्हालाच ठाऊक. स्टाफरूममध्ये सह्यांवरून नाही, प्रश्नांवरून वाद झाले. खोडलं गेलं थोडंच. पण अर्थशास्त्राच्या पेपरात पाचपैकी चार प्रश्न नुसत्या व्याख्या विचारणारे आहेत, हे खोडायला बसल्यावरच दिसलं. उपयोजनाचा सीओ कागदावर होता, परीक्षेत कुठेच नव्हता.

टक्क्यांचंही तसंच. वर्गात 15 मुलं असली की एक नापास झाला तरी निकाल जवळजवळ 7 टक्क्यांनी घसरतो. त्याचे रंगीत आलेख काढून काय कळणार? तुम्ही नावं लिहायला लावलीत: कोण, कुठल्या प्रश्नाला अडकलं. अंतर्गत गुण सरसकट 20 पैकी 18 देण्याच्या पद्धतीवर तर नेमकं बोट ठेवलंत. असे गुण वाटले की अटेनमेंट, म्हणजे सीओ किती साध्य झाला याची पातळी, सर्वांत वरची 3 दिसते आणि विद्यापीठाच्या परीक्षेत तीच मुलं गळपटतात. तापमापक मुठीत गरम करून ताप मोजण्यातला हा प्रकार.

मागे पडलेल्या मुलांसाठीचा रेमेडियलचा तास दुपारी चारला ठेवला की खानापूर-कडोलीकडची मुलं गाडीसाठी निघून जातात, आणि तास नेमका त्यांच्यासाठीच असतो. आधीच्या सल्लागाराने यावर प्रार्थनेची वेळ कापा असं सुचवलं होतं. तुम्ही प्रार्थनेला धक्का न लावता तिच्यानंतरचा, निम्मा वाया जाणारा तास त्याला दिलात. समोरच्याला काय प्रिय आहे ते आधी बघायचं आणि मग सल्ला द्यायचा, ही साधी माणुसकी हल्ली सल्ल्याच्या धंद्यात फारशी भेटत नाही.

आणि ती शब्दसूची! नव्या मुलांना इंग्रजी पेपरांची ओळख करून देणाऱ्या पहिल्या तीन आठवड्यांच्या ब्रिज कोर्ससाठी दर पेपरला 40 शब्द. आधी मराठी की आधी कन्नड, यावरून आपल्या भागात काय होऊ शकतं ते सांगायला नको. तुम्ही इंग्रजी मधल्या रकान्यात टाकलंत. एका पानावर डावीकडे कन्नड, उजवीकडे मराठी. पुढच्या पानावर उलट. 'डेप्रिसिएशन'च्या एका बाजूला सवकळी, दुसऱ्या बाजूला घसारा. मिशनरी विल्यम केरी यांचं मराठी व्याकरण 1805 चं, त्यांचं बंगालमधल्या श्रीरामपूरचं कॉलेज 1818 चं. भाषा आधी, कॉलेज नंतर, हा क्रम मिशनच्या परंपरेत जुनाच आहे.

कर्नाटकात 2021-22 मध्ये चार वर्षांच्या पदवीचं नवं शैक्षणिक धोरण आलं, 2024-25 पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली. म्हणूनच आराखडा अभ्यासक्रमाच्या शब्दांना बांधू नका, हा तुमचा आग्रह होता. आता त्यात तीनच कामं आहेत. प्रत्येकापुढे एका माणसाचं नाव, तारीख आणि रुपये. चार पानांत सगळं बसलं आणि व्यवस्थापन मंडळाने पहिल्यांदाच आराखडा पूर्ण वाचला.

नाव कुठे छापू नका असं बजावलंत, म्हणून इथेही छापलेलं नाही. पण सीमाभागातल्या एखाद्या लहान कॉलेजने विचारलं तर तुमचा फोन नंबर आम्ही देणार आहोत. त्याला नाही म्हणू नका.

आपले,
कॉलेजमधील प्राध्यापक