थांब्यावरची हवा

जळगाव,
१८ डिसेंबर

प्रिय नितीन,

सप्रेम नमस्कार.

तुझा फोन दोनदा येऊन गेला, उचलला नाही म्हणून रागावू नको भो. हातात यंत्र होतं. आम्ही सहा जण सध्या उमविच्या, म्हणजे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या, आवारात आणि बाहेर महामार्गाच्या कडेला हवा मोजतोय.

यंत्र मुठीएवढं. आतला पंखा हवा ओढतो, लेसरच्या उजेडात कण चमकतात आणि त्यावरून आकडा येतो. अडीच मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असलेले कण नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात खोल उतरतात. आपल्याकडे त्यांची मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ सांगितली.

पहिल्याच आठवड्यात एका पहाटे आकडा एवढा चढला की आम्हाला वाटलं, झालं काम! मॅडमनी एवढंच विचारलं, "गिरणा नदीवर धुकं होतं का?" होतं. या लेसरला पाण्याचा थेंब आणि धुराचा कण सारखाच. त्या पहाटेची सगळी नोंद बाजूला काढली. फार जिवावर आलं रे, पण खोट्या आकड्यावर कोणाकडे काय मागणार? आता हवेतला दमटपणाही शेजारी लिहितो.

कोरड्या संध्याकाळी मात्र शंका उरत नाही. ग्रंथालयाजवळ आकडा शांत असतो. थांब्यावर काळीपिवळ्या इंजिन चालू ठेवून उभ्या, त्यात गतिरोधकावर ट्रकवाला गिअर बदलतो, काळा लोट उठतो आणि दोन-चार श्वासांत यंत्र वर जातं. तिथेच चहाच्या टपरीवाल्या मावशी बसतात. सकाळी पांढरं असलेलं त्यांचं फडकं दिवे लागेपर्यंत राखाडी होतं. परवा म्हणाल्या, "बाळा, माझ्या छातीत किती गेलं, ते सांगतं का हे?"

नाही सांगत. मला तिथे उभंच राहवेना.

जळगाव राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, पण शहराच्या सरासरीत मावशींचं बाकडं दिसत नाही. म्हणून थांबा आणि टपरी दोन्ही रस्त्यापासून आत घ्यावीत, उभ्या गाड्यांनी इंजिन बंद ठेवावं, असा अर्ज आकड्यांसकट लिहितोय.

संक्रांतीला येशील तेव्हा एक संध्याकाळ मला दे. ट्रक मोजायला माणूस कमी पडतोय. आईबाबांना नमस्कार सांग.

तुझाच,
प्रशांत