चोरांची कीव करायला शिकतोस का, या तुझ्या प्रश्नाला उत्तर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. तुमच्या घरी चोरी झाल्यापासून काकू रात्र रात्र जाग्या असतात, कुठे जरा खुट्ट झालं की उठून घरातले सगळे दिवे लावतात, हे वाचून काळजात चर्र झालं. गेलेल्या वस्तूंपेक्षा कपाटातले कपडे कुणा परक्यानं उपसले याचं त्यांना जास्त लागलंय, असं तू लिहिलंस. घरफोडीवर आम्ही जे जे वाचतो त्यात हेच पुन्हा पुन्हा भेटतं. वस्तूचं दुःख ओसरतं, पण घर आता आपलं उरलं नाही ही भावना फार चिवट असते. "वस्तूच गेल्या ना, जीव तर वाचला" असं कुणी त्यांच्यापाशी म्हणत असेल तर त्याला थांबव. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ऐकणाऱ्याला वाटतं की आपल्या दुखण्याला इथे जागाच नाही.

शेवटी तू विचारलंस, "कायदा आणि गुन्हेगारीशास्त्र शिकतोस म्हणजे नक्की काय? चोरांची कीव करायला शिकतोस?" प्रश्न रागाचा आहे, आणि तो राग तुझ्या हक्काचा आहे. मी त्याचं नीट उत्तर देणार आहे. पण आधी कामाचं बोलतो.

मागचं दार आणि ती खिडकी आजच्या आज दुरुस्त करून घे. पोलिसांनी पाहणी केली, फोटो काढले की एक दिवसही थांबू नकोस. एकदा फोडलेलं घर पुन्हा फोडलं जाण्याची शक्यता इतर घरांपेक्षा जास्त असते, आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांत ती सर्वांत जास्त असते. कारण साधं आहे. चोराला वाट कळलेली असते, आत काय उरलंय ते ठाऊक असतं, आणि गेलेल्या वस्तूंच्या जागी नव्या येतील हाही त्याचा अंदाज असतो. इंग्लंडमध्ये रॉचडेलच्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८० च्या दशकात याच माहितीवर एक प्रयोग झाला. सगळ्या वसाहतीवर सारखा पहारा ठेवण्याऐवजी ज्या घरांत नुकतीच चोरी झाली होती त्यांच्याकडेच लक्ष दिलं. त्यांची कुलपं-खिडक्या पक्क्या केल्या, नाण्यांवर चालणारी मीटर काढून टाकली (चोरांचा डोळा त्यातल्या पैशावर असायचा), आणि आजूबाजूच्या पाच-सहा घरांना त्या एका घरावर नजर ठेवायला सांगितलं. काही वर्षांत तिथल्या घरफोड्या निम्म्याहूनही खाली आल्या. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता, कारण त्यात कुणाला जास्त कडक शिक्षा द्यावी लागली नव्हती आणि कुणाची कीवही करावी लागली नव्हती. तूही शेजारच्यांना सांगून ठेव. लाजू नकोस.

आता तो मुलगा. दुरुस्तीच्या कामाला येऊन गेलेला. "तोच आहे, शंभर टक्के" असं तू लिहिलंस, कारण समोरच्या आजोबांनी अंधारात कुणीतरी पाठमोरं जाताना पाहिलं, आणि आता त्यांना तो तोच वाटतोय. मित्रा, इथे मला तुझा हात धरावासा वाटतो. असेलही तोच. पण आजोबांना आधी 'कुणीतरी' दिसलं होतं. त्या मुलाचं नाव चर्चेत आलं त्यानंतर 'तो' दिसायला लागला. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये काही विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची एक फिल्म दाखवली. मग काहींना विचारलं, गाड्या आदळल्या तेव्हा वेग किती होता? आणि काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर आपटून चक्काचूर झाल्या तेव्हा वेग किती होता? आठवड्यानं सगळ्यांना पुन्हा बोलावून विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या का? फिल्ममध्ये काचा नव्हत्याच. तरी पहिल्या गटातल्या ५० पैकी ७ जण 'दिसल्या' म्हणाले, आणि दुसऱ्या गटातले ५० पैकी १६. ही माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांना खरोखरच काचा आठवत होत्या.

अमेरिकेत डीएनए चाचणीनं जे कैदी पुढे निर्दोष ठरले, त्यांच्यापैकी बहुसंख्यांच्या खटल्यात कुणीतरी प्रामाणिक साक्षीदारानं चुकीच्या माणसाकडे बोट दाखवलं होतं. काही जणांची त्यात पंधरा-वीस वर्षं गेली. आणि तेवढा काळ खरा गुन्हेगार मोकळाच होता, हे लोक विसरतात. आरोप सिद्ध करण्याचा भार आरोप करणाऱ्यावर का, शंका उरली तर फायदा आरोपीला का, असं तू नेहमी चिडून विचारतोस. विल्यम ब्लॅकस्टोन या इंग्रज विधिज्ञानं अठराव्या शतकात लिहिलं की एका निरपराध्याला शिक्षा होण्यापेक्षा दहा अपराधी सुटलेले बरे. बेंजामिन फ्रँकलिननं १७८५ च्या एका पत्रात तो आकडा शंभरावर नेला. दहा की शंभर यावर आमच्या वर्गात तावातावानं वाद होतात. माझ्यापुरतं म्हणशील तर, त्या मुलाचं नाव तुझ्या तोंडून गल्लीत पसरण्याआधी त्याला एकदा तरी आपली बाजू मांडता यावी, एवढं मी तुझ्याकडे मागतो. जे दिसलं तेवढंच पोलिसांना सांगा. वाटलं ते वेगळं ठेवा.

तुला वाटेल, हा सुटायच्याच वाटा शोधायला शिकतोय. तसं नाही. कायद्याच्या पहिल्याच वर्षात कितीतरी देशांतल्या विद्यार्थ्यांना एक खटला वाचायला देतात, इंग्लंडमधल्या डडली आणि स्टीफन्स यांचा, १८८४ चा. जहाज बुडालं, चौघे एका छोट्या होडीत, भर समुद्रात, अन्नपाण्यावाचून. शेवटी दोघांनी मिळून बरोबरच्या सतरा वर्षांच्या आजारी पोराला मारलं आणि त्याच्या मांसावर जगले. सुटका झाल्यावर त्यांनी काही लपवलं नाही. कोर्टानं सांगितलं, जीव वाचवण्यासाठीही निरपराध्याचा जीव घेता येत नाही, हा खूनच आहे. मृत्युदंड सुनावला गेला आणि पुढे राणीच्या अधिकारात तो सहा महिन्यांच्या कैदेवर आला. त्या खटल्यानं मला एक गोष्ट कायमची शिकवली. दोषी कोण हा एक प्रश्न आणि त्याला किती शिक्षा हा दुसरा. आपण रागात असलो की दोन्ही एकदम उरकून टाकतो. कायदा त्यांना वेगळं करायला लावतो. हे काम थंड डोक्याचं आहे, कंटाळवाणंही आहे. निकालपत्रांची पानंच्या पानं वाचून त्यातला नेमका कायदा वेगळा काढायचा, कृती सिद्ध झाली का, हेतू सिद्ध झाला का, एकेक पायरी तपासायची.

गुन्हेगारीशास्त्राच्या तासाला मात्र प्रश्नच बदलतो. या माणसानं केलं का, हे तिथे कुणी विचारत नाही. अशी माणसं कुठून येतात, का थांबतात, आणि आपण जे उपाय करतो ते चालतात का, हे विचारतात. कायद्याला आकडेमोडीच्या भीतीनं आलेले बरेच जण इथे संख्याशास्त्राच्या पेपरला गडबडतात. पण मला हेच आवडायला लागलंय, कारण इथे आपली मतं टिकत नाहीत.

तुझं मत घे. "हात तोडले पाहिजेत, मग कुणाची छाती होणार नाही." अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये अशाच भयंकर शिक्षा करून पाहिल्या होत्या. त्या शतकाच्या शेवटाला फाशी होऊ शकेल असे गुन्हे दोनशेच्या घरात होते. राहत्या घरातून ४० शिलिंगांचा माल चोरला तर फाशी. मग झालं काय? ज्यूरीत बसलेल्या साध्यासुध्या माणसांना एवढ्यासाठी कुणाला फासावर चढवणं जमेना. समोर भरपूर माल दिसत असूनही ते शपथेवर त्याची किंमत ३९ शिलिंग ठरवायचे. शिक्षा जितकी भयंकर, तितकी ती प्रत्यक्षात मिळेनाशी झाली. मिलानचा विचारवंत चेझारे बेकारिया १७६४ मध्ये, वयाच्या पंचविशीत, हेच सांगून गेला होता की गुन्ह्याला आवर घालते ती शिक्षेची खात्री, तिची क्रूरता नव्हे. आजच्या अभ्यासांतूनही तसंच निघतं. पकडले जाऊ असं वाटलं तर चोर बिचकतो. पाचाऐवजी दहा वर्षं होतील हे गणित खिडकी उचकटताना कुणी करत नाही.

आणि आता कीव. ही गोष्ट मी खास तुझ्यासाठी राखून ठेवली होती. १९३९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये केंब्रिज आणि सॉमरव्हिल इथल्या पाचशेहून थोड्या अधिक मुलांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एका मुलाला वर्षानुवर्षं समुपदेशक, अभ्यासाला मदत, डॉक्टर, उन्हाळी शिबिरं, सगळं काही दिलं. दुसऱ्याला काहीच नाही. तीसेक वर्षांनी जोन मॅकॉर्ड या संशोधक बाईंनी ती मुलं शोधून काढली. मदत मिळालेल्यांपैकी कितीतरी जण म्हणाले, त्या मदतीनंच आम्ही सुधारलो. नोंदी मात्र उलटं सांगत होत्या. व्यसन, आजार, पुन्हा पुन्हा गुन्हे करणं, अशा अनेक बाबतींत मदत मिळालेल्यांचंच जास्त वाईट झालं होतं. १९७८ मध्ये त्यांनी हे छापलं. तो लेख वाचून मी बराच वेळ सुन्न होतो. इतक्या चांगल्या माणसांनी इतक्या मनापासून केलेलं काम!

त्याच दशकात न्यू जर्सीच्या रॅहवे तुरुंगात उलटा प्रयोग चालू होता. वांड मुलांना आत न्यायचं आणि जन्मठेपेच्या कैद्यांनी त्यांना दरडावून तुरुंगाची दहशत बसवायची. लोकांना हे फार आवडलं. पुढे अशा कार्यक्रमांची नीट तपासणी झाली तेव्हा दिसलं की त्यातून गेलेली मुलं न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे करतात. म्हणजे बघ, कीव आणि दहशत, दोन्ही आपल्याच समाधानासाठी असू शकतात. मी इथे काय शिकतो विचारशील तर हे शिकतो, की माझ्या मनाला जे बरोबर वाटतं ते आधी तपासायचं, आणि तपासल्यावर खोटं निघालं तर सोडून द्यायचं.

मग माणसं सुधारतच नाहीत का? सुधारतात, बहुतेक सुधारतात, आणि ते कळलं ते काही जुन्या खोक्यांमुळे. शेल्डन आणि एलेनॉर ग्लुएक या दांपत्यानं बॉस्टन भागातल्या सुधारगृहातल्या ५०० मुलांची बारीकसारीक माहिती वर्षानुवर्षं गोळा केली होती. त्या फायली हार्वर्डच्या लॉ स्कूलच्या तळघरात धूळ खात पडल्या होत्या. १९८० च्या दशकात रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लॉब या गुन्हेगारीच्या अभ्यासकांना त्या मिळाल्या. त्यांनी त्या मुलांचा, म्हणजे आता म्हाताऱ्यांचा, सत्तरीपर्यंत माग काढला. एकेकाळी सगळ्यांनी ओवाळून टाकलेली ही पोरं. त्यातले बहुसंख्य कधी ना कधी थांबले होते. कुणाला टिकाऊ काम मिळालं, कुणाचा संसार चांगला झाला, कुणी सैन्यात गेला. लहानपणच्या माहितीवरून कोण थांबेल आणि कोण नाही हे सांगता येत नव्हतं. ते वाचल्यापासून 'जन्मजात गुन्हेगार' हे शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत. इटलीच्या लोम्ब्रोझो या डॉक्टरनं १८७६ मध्ये कवट्या मोजून तो माणूस सापडल्याचं जाहीर केलं होतं, आणि इंग्लंडमधल्या तुरुंगाचा डॉक्टर चार्ल्स गोरिंग यानं १९१३ मध्ये तीन हजार कैद्यांची मोजमापं घेऊन दाखवलं की असा वेगळा साचा नाहीच. तरी ती कल्पना मरत नाही. तुझ्या पत्रातही होती.

पण एका बाबतीत तुझा राग मला पूर्ण पटतो. तू लिहिलंस, "तक्रार दिली, सही केली, आणि आता आम्हाला कुणी काही सांगत नाही. जणू चोरी आमच्याकडे झालीच नाही." निल्स क्रिस्टी या नॉर्वेच्या अभ्यासकानं १९७७ मध्ये नेमकं हेच मांडलं. तंटा हा त्या दोघांचा असतो, ज्याचं गेलं आणि ज्यानं नेलं. राज्य आणि वकील तो त्यांच्याकडून काढून घेतात. खटला 'राज्य विरुद्ध आरोपी' होतो आणि ज्याचं नुकसान झालं तो फक्त साक्षीदार उरतो. माझ्या वह्यांमध्ये आरोपीच्या हक्कांवर पानंच्या पानं आहेत. काकूंसारख्यांवर फार कमी. याचं मला वाईट वाटतं, म्हणून पुढच्या सेमिस्टरला मी पीडितांच्या अभ्यासाचा विषय घेतलाय आणि प्रबंधही त्यातच करायचं ठरवलंय, तक्रार दिल्यानंतर घरच्यांना काय कळवलं जातं, कधी, आणि कोण कळवतं यावर. काकूंचं नाव किंवा त्यांची हकिकत त्यात येणार नाही, निश्चिंत राहा.

आता एवढं कर. तक्रारीची प्रत तुझ्याकडे असेलच, नसेल तर मागून घे, तो तुमचा अधिकार आहे. तपास कुणाकडे आहे त्या अधिकाऱ्याचं नाव लिहून ठेव, आणि पंधरवड्यातून एकदा लेखी विचारणा कर, त्याची पोच घे. गेलेल्या वस्तूंची यादी काकूंना शांतपणे बसून करू दे. नंतर काही आठवलं तर पुरवणी जबाब देता येतो, त्यामुळे घाई नको. आजोबांना सांग, अंधारात जेवढं दिसलं तेवढंच लिहून ठेवा, तारीख घाला, आणि यापुढे त्यावर कुणाशी चर्चा करू नका. ही कागदपत्रं झाली की मला फोटो पाठव, मी एकदा नजर घालतो. आणि रविवारी संध्याकाळी फोन करतो, तेव्हा आधी काकूंकडे दे.

तुझा मित्र