विमा संशोधनाचे बक्षीस देण्याआधी गणित पुन्हा मांडून पाहा

संपादक महोदय,

सर्वसाधारण (आयुर्विम्याखेरीजच्या) विम्यातील ॲक्च्युअरींच्या, म्हणजे विम्याची जोखीम गणिताने मोजणाऱ्या तज्ज्ञांच्या, संशोधन निबंधांना बक्षीस देण्याची प्रथा परदेशात जुनी आहे. अमेरिकेतील कॅज्युअल्टी ॲक्च्युअरियल सोसायटीच्या १९९३च्या स्पर्धेत थॉमस मॅक यांच्या निबंधाला दुसरे बक्षीस मिळाले, तेही विभागून. 'चेन लॅडर'ने, म्हणजे जुन्या वर्षांत दावे ज्या वेगाने वाढले त्यावरून पुढचा अंदाज बांधण्याच्या पद्धतीने, काढलेली दाव्यांची तरतूद (त्यांच्यासाठी बाजूला ठेवायची रक्कम) किती चुकू शकते, हे मोजण्याची त्यांची रीत आज जगभर वापरतात. परीक्षकांचा अंदाजही चुकतो, म्हणायचे!

ॲक्च्युअरींची राष्ट्रीय संस्था आता आपल्या सीवूड्सलाच आहे. इथे असे वार्षिक बक्षीस देताना सूत्र किती अवघड आहे यापेक्षा ते भारतीय आकड्यांवर टिकते का, हे आधी पाहावे.

मोटार थर्ड पार्टीचेच घ्या. चेन लॅडरसाठी अपघाताच्या वर्षाची आडवी ओळ, उलटलेल्या काळाचा उभा रकाना, असा त्रिकोण मांडतात; नव्या वर्षांचे पुढचे रकाने अजून रिकामे असतात, म्हणून त्रिकोण. पहिल्या वर्षअखेर ४०० दावे नोंदले आणि दुसऱ्या वर्षअखेर ते ६०० झाले, तर गुणक १.५. नव्या वर्षाच्या आकड्याला तोच लावायचा. दावे पूर्वीच्याच वेगाने येतील, हे त्यात धरलेले असते. पण १९९४पासून मुदतच नसलेल्या या दाव्यांना १ एप्रिल २०२२पासून अपघातानंतर सहा महिन्यांची मुदत लागू झाली. समजा, तेच ६०० दावे आता लवकर येतात आणि पहिल्याच वर्षी ५०० नोंदले जातात. जुना गुणक त्यांचे ७५० करतो. दीडशे दावे नुसते कागदावरचे, पण त्यांच्यापोटी पैसा खराखुरा अडकतो. मॅक यांची रीतही इथे सावध करत नाही, कारण ती चढउतार मोजते ते त्याच जुन्या ओळींतले. शिवाय ठाण्याच्या मोटार अपघात दावे न्यायाधिकरणात अर्ज कधी पडला आणि समन्स कंपनीच्या हाती कधी आले, या दोन तारखा वेगळ्या. निबंधात कोणती धरली, ते पहिल्याच पानावर हवे. या मुदतीला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, म्हणजे वेग पुन्हा बदलू शकतो.

२०२०च्या टाळेबंदीत न्यायाधिकरणांचे काम थंडावले. दिलेल्या रकमांच्या त्रिकोणात त्याचा परिणाम एका ओळीत दिसत नाही, त्या कॅलेंडर वर्षातले सगळ्या ओळींचे आकडे ज्या तिरप्या रेघेवर येतात, ती अख्खी रेघ खाली बसते. ती तशीच सरासरीत घेतली की गुणक खाली येतात आणि तरतूद तोकडी पडते.

यावर उपाय म्हणून बरेच जण बोर्नह्युटर-फर्ग्युसन यांच्या १९७२च्या पद्धतीकडे वळतात. तिथे प्रीमियमवरून अपेक्षित दावे काढतात. पण १ सप्टेंबर २०१८पासून नव्या कारना तीन आणि दुचाकींना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. तो प्रीमियम त्या-त्या वर्षात वाटला नाही तर पहिले वर्ष उगाच फुगते.

म्हणून नियम असा असावा: शेवटच्या दोन तिरप्या रेघा झाकून अंदाज काढा, मग रेघा उघडा आणि चूक टक्क्यांत छापा. कंपन्या आकडे देत नाहीत, ही नेहमीची तक्रार. त्यांनी संपूर्ण त्रिकोणाला एकाच गुप्त संख्येने गुणून तो द्यावा. गुणक तसेच राहतात, मॅक यांची टक्क्यांतली चूकही तशीच राहते, आणि धंदा किती आहे हे उघड होत नाही. एका परीक्षकाने कोरी शीट उघडून सगळे गणित स्वतः करावे. उत्तर जुळले नाही तर निबंध परत. पडताळ्यात हरलेल्या पद्धतीवरचा निबंधही स्पर्धेत घ्यावा, मात्र ती कोणत्या रकान्यात आणि का घसरली हे त्यात लिहिलेले असावे.

– विमा क्षेत्रातील दोन वाचक, नेरुळ, नवी मुंबई